धक्का कोणाचा आणि वाटा कोणाचा?

कोळ्याची होडी दर्यावरून परत आली म्हणजे मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, तांडेलाचा वेगळा आणि खलाशांचा ज्याचा त्याला. होडीवाला कितीही बडा असो, ‘होडी माझी, सबब सगळी मासळी माझी’ असे म्हणण्याची त्याची छाती होत नाही. म्हटलेच तर दुसऱ्या दिवशी त्याच्या होडीत पाय ठेवायला माणूस मिळणार नाही. ज्याने जे घातले त्याचा त्याला वाटा, हा न्याय आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या वाडवडिलांनी कायद्याच्या पुस्तकावाचून बसवला. आज त्याच शेव्याच्या खाडीवर जगातल्या बड्या बड्या कंपन्यांचे धक्के उभे आहेत. २०२४-२५ या एका वर्षात न्हावा शेवा बंदरातून वीस फुटी पेटीच्या हिशेबाने सुमारे ७३ लाख पेट्यांची ने-आण झाली. एवढा मोठा घास जेथे उतरतो, तेथे वाटे कसे पडतात आणि आपल्या पानावर काय येते, याचा विचार शेतकरी, आगरी, कोळी आणि कारागीर बंधुभगिनींनी करावा म्हणून हा लेख.

प्रथम कंपनी म्हणजे काय ते साध्या बोलीत सांगतो. ज्या उद्योगाला एकट्या धन्याचा पैसा पुरत नाही त्याचे हजारो-लाखो भाग पाडतात व ते विकतात. भाग घेणारा तो भागधारक. नफा वाटायचा ठरला की त्याला भागाच्या मानाने वाटणी मिळते आणि कंपनीच्या सभेत भागाच्या मानानेच मते मिळतात. आपल्या ग्रामसभेत एक माणूस, एक मत. कंपनीच्या सभेत एक भाग, एक मत. ज्याच्यापाशी लाख भाग त्याची लाख मते. दहा-वीस बड्या भागधारकांनी मान डोलावली की बाकीच्या हजारोंनी मान हलवली काय आणि न हलवली काय, सारखेच!

दुसरी खुबी याहून मोठी आहे. भागधारकाची जोखीम कायद्याने मर्यादित केलेली असते. कंपनी बुडाली तर त्याने भागापुरते घातलेले पैसे जातात. त्याच्या घरादारावर जप्ती येत नाही. आता कोळ्याची व शेतकऱ्याची जोखीम पाहा. खाडीत भराव पडला, तिवरे तुटली, निवटी-चिंबोरी नाहीशी झाली, खारबांध फुटून भाताच्या खाचरात खारे पाणी शिरले, तर त्याचे नुकसान अमुक रुपयांपुरतेच राहील असे कोणत्या कायद्याने ठरवले आहे? त्याचे जाते ते सगळेच जाते, आणि नातवापर्यंत जाते. ज्याची जोखीम थोडी त्याला सगळा नफा, आणि ज्याची जोखीम अमर्याद तो हिशेबाच्या वहीत कोठेच नाही. हा न्याय होडीच्या न्यायाच्या अगदी उलट आहे.

हे दुखणे आजचे नव्हे. ईस्ट इंडिया कंपनी हीही भागधारकांचीच होती. १८३३ च्या सनदेने तिचा व्यापार बंद झाला, तरी तिच्या भागधारकांना दरसाल शेकडा साडेदहा रुपये द्यावेत आणि ते हिंदुस्थानच्या वसुलातून द्यावेत, असे विलायतच्या पार्लमेंटने ठरवले. पुढे १८७४ साली भाग फेडून कंपनी मोडीत निघेपर्यंत ही वाटणी चालली. म्हणजे कुणब्याने चिखल तुडवून भात लावायचे, सारा भरायचा, आणि ज्याने हा देश डोळ्यांनी पाहिलाही नाही अशा साहेबाने लंडनात बसून त्यातून आपली वाटणी घ्यायची. साहेब गेला, पण त्याने घालून दिलेला वहिवाटीचा कित्ता राहिला.

आता आपल्या उंबऱ्यावर या. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराची रेघ ओढली गेली. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. तेव्हा ते सरकारचे होते. १९९७ साली येथला एक धक्का पी अँड ओ या जुन्या विलायती आगबोट कंपनीच्या गटाला ३० वर्षांच्या कराराने देण्यात आला. देशातल्या मोठ्या सरकारी बंदरांत खाजगी कंपनीला पेट्यांचा धक्का देण्याचा हा पहिलाच प्रकार. २००४ साली दुसरा करार डेन्मार्कच्या मर्स्क घराण्याच्या कंपनीशी झाला. २०१४ साली चौथ्या धक्क्याचा करार सिंगापूरच्या पीएसए कंपनीशी झाला. बंदराचा स्वतःचा म्हणून जो धक्का उरला होता तोही २०२२ साली ३० वर्षांसाठी फ्रान्सच्या सीएमए सीजीएम व जे. एम. बक्षी या जोडीकडे गेला. जमीन उरणच्या शेतकऱ्याची, पाणी शेव्याच्या कोळ्याचे, आणि धक्क्याचे धनी कोठले कोठले!

या धन्यांची अदलाबदल कशी होते तेही ऐकून ठेवा. २००६ साली दुबईच्या डीपी वर्ल्ड या कंपनीने पी अँड ओ ही सबंध कंपनी सुमारे ३९० कोटी पौंडांना विकत घेतली. विकणारे भागधारक विलायतेतले, घेणारा दुबईचा, आणि त्या गाठोड्यात बांधलेला आपला न्हावा शेव्याचा धक्काही एका हातातून दुसऱ्या हातात गेला. त्याच गाठोड्यात अमेरिकेच्या काही बंदरांतले धक्के होते. तेथे मात्र केवढा गहजब झाला! आमच्या बंदरात कोण येणार हे आम्हाला विचारल्याशिवाय कसे ठरते, असे तेथल्या लोकप्रतिनिधींनी खडसावले. मार्च २००६ मध्ये त्यांच्या एका समितीने ६२ विरुद्ध २ मतांनी त्या सौद्याला विरोध केला आणि कंपनीला अमेरिकेतले धक्के दुसऱ्याला विकून टाकावे लागले. दुबईच्या माणसांविषयी तेथे जो पूर्वग्रह बोलला गेला तो आम्हाला मान्य नाही. धनी विलायतेचा असो की दुबईचा, आम्हाला सारखाच. आमचा मुद्दा एवढाच की, एका सौद्यातले दोन धक्के, एक अमेरिकेतला व एक उरणातला. तिकडच्या लोकांना ‘आम्हाला विचारा’ म्हणता आले. इकडे कोणत्या ग्रामसभेला कोणी विचारले?

आणि कामगारांनीही जागे राहावे. १७ मार्च २०२२ रोजी याच डीपी वर्ल्डच्या हाताखालच्या पी अँड ओ फेरीज कंपनीने विलायतेत सुमारे ८०० खलाशांना पूर्वसूचनेवाचून एका दिवसात घरी बसवले. संघटनेशी बोलणे कायद्याने बंधनकारक असताना आम्ही जाणूनबुजून बोललो नाही, अशी कबुली तिच्या मुख्य अधिकाऱ्याने पार्लमेंटच्या समितीपुढे दिली. राज्यकर्त्यांच्या डोळ्यांदेखत तेथे हे होते, तर आपल्याकडच्या ठेकेदारी कामगाराने कोणत्या भरवशावर झोप घ्यावी?

आम्ही पेशाने खेड्यातले मास्तर. मुलांना शेकडेवारी शिकवताना पूर्वी आंब्यांची व गाईंची उदाहरणे घालीत असू. आता आम्ही धक्क्यांची घालतो. मर्स्कच्या धक्क्यावर ७४ टक्के मर्स्कच्या कंपनीचे व २६ टक्के सरकारी कंटेनर महामंडळाचे. नव्या मुंबईच्या विमानतळात, ज्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, ७४ टक्के अदानींच्या कंपनीचे व २६ टक्के सिडकोचे. पालघरच्या वाढवण बंदरात ७४ टक्के आपल्या बंदर प्राधिकरणाचे व २६ टक्के राज्याच्या सागरी मंडळाचे. हा २६ चा आकडा वारंवार का येतो? कारण कंपनीच्या कायद्यात मोठा बदल करायचा तर चार आण्यांतले तीन आणे मते लागतात. ज्याच्यापाशी पंचवीसाच्या वर टक्के आहेत तो ‘नाही’ म्हणून अडवू शकतो. २६ टक्के म्हणजे हुकूम सोडण्याचा नव्हे, तरी अडवण्याचा हक्क. आता बेरीज करा. ७४ आणि २६ मिळून शंभर भरले. ज्याच्या शेतावर ही बेरीज मांडली त्याचा हातचा कोठे धरायचा? त्याचे नाव भागधारकांत नाही. त्याचे नाव ‘प्रकल्पग्रस्त’. भूकंपग्रस्त, पूरग्रस्त, तसा प्रकल्पग्रस्त! जणू प्रकल्प हे आकाशातून पडलेले संकट आहे आणि त्याच्या निवारणासाठी धर्मादाय द्यायचा आहे.

मग आपल्याला काहीच मिळाले नाही काय? मिळाले, पण जे मिळाले ते रक्ताने मिळाले. जासईचे सुपुत्र लोकनेते दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखाली शेतकरी उभा राहिला. १९८४ च्या जानेवारीत १६ व १७ तारखेला जासई व पागोटे येथे पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जणांचे बळी घेतले. त्यानंतर कोठे १९९० साली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना सरकारने मान्य केली. तेही साडेबारा म्हणायला. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी म्हणून पावणेचार टक्के वजा होतात आणि हातात उरतात पावणेनऊ. बंदरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना तर वाटपाची पत्रे १६ ऑगस्ट २०१४ रोजी मिळाली. गोळी लागली १९८४ साली, कागद आला २०१४ साली, आणि कागदामागून जमीन यायला आणखी वर्षे. पुढे विमानतळाच्या वेळी हाच आकडा साडेबाऱ्यावरून साडेबावीसवर गेला. हे दहा टक्के कोणी खुशीने वाढवले असे ज्याला वाटते त्याने जासईच्या हुतात्म्यांपुढे जाऊन तसे सांगावे.

आणि शेवा कोळीवाड्याचे काय झाले? ज्या गावाचे नाव बंदराने कपाळावर लावले आहे, त्या गावच्या कोळ्यांना उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून बसवले. जागा ठरल्याहून किती तरी कमी, आणि तीही वाळवीची. घराच्या तुळया पोखरल्या, दारे-चौकटी पोखरल्या. चार दशके होत आली, तरी योग्य पुनर्वसनासाठी हे लोक दारोदार अर्ज करीत राहिले, आणि अर्जाने भागेना तेव्हा होड्या घेऊन बोटींच्या मार्गात उभे राहिले. ज्यांच्या पाण्यातून लाखो पेट्या जातात त्यांना वाळवी न लागलेली जमीन मिळू नये, हे आमच्या काळाचे केवढे लांच्छन!

याला उत्तर म्हणून कंपनीवाले सांगतात की, आम्ही गावासाठी पुष्कळ करतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले शेकडा दोन लोकोपयोगी कामाला लावणे भाग पडले आहे. त्यातून शाळांना बाके, दप्तरे, पाण्याच्या टाक्या येतात. आमच्याही शाळेला एका कंपनीची दप्तरे आली. मुले आनंदली, पोरांच्या आनंदावर आम्ही विरजण घातले नाही. परंतु फोटो काढण्यासाठी पोरांना दप्तराची कंपनीच्या नावाची बाजू पुढे धरायला सांगितली, तेव्हा आमची मान खाली गेली. ज्या पोराच्या आज्याने शेत दिले त्याचे शेत कोणत्या पाटीवर लिहिले आहे? दान घेणाऱ्याने आभार मानायचे असतात. वाटा घेणाऱ्याने पावती फाडायची असते. आम्हाला आभारपत्र लिहिण्याचा कंटाळा आला आहे. आता पावती हवी.

कोणी म्हणतील, मास्तर बंदरालाच विरोध करतात. मुळीच नाही. बंदराने काम आणले, गाड्या आणल्या, मुले शिकली, पक्की घरे झाली. हे आम्ही डोळ्यांनी पाहतो व कबूल करतो. होडी नको असे कोळी म्हणत नाही. वाटा सरळ पाडा म्हणतो. आणि सगळा दोष परक्या धन्यावर ढकलून आपण सोवळे राहावे असेही आम्हाला वाटत नाही. साडेबारा टक्क्याचा भूखंड हाती येण्याआधीच ज्यांनी बिल्डरला सही करून दिली, त्यांना कोणी गळा धरून सह्या करायला लावल्या नव्हत्या. त्या पैशांचे काय झाले? हळदीच्या रात्री डीजे वाजला, दारात गाडी आली, गाडीचा हप्ता थकला आणि गाडीही गेली. मुलीचे शिक्षण बारावीत थांबले आणि मुलगा दुसऱ्याच्या भूखंडावर पहारेकरी झाला. शिवाय आपल्यातलेच काही पुढारी सभेत कंपनीच्या नावाने मूठ आवळतात आणि सभा सुटल्यावर तीच मूठ तिच्या ठेक्यासाठी उघडतात. त्यांचे ट्रेलर चालतात, त्यांची कंटेनरची यार्डे चालतात, आणि भूमिपुत्राला कामावर घ्या हे वाक्य त्यांच्या बिलाबरोबर जोडलेले असते. हा घरभेद जोवर आहे तोवर कंपनीला दुसऱ्या फौजेची गरज नाही.

परंतु निराश होण्याचे कारण नाही. या जिल्ह्याने बड्या धन्यांना माघार घ्यायला लावली आहे, आणि एकदाच नव्हे. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसणार नाही असा संप केला व तो १९३९ पर्यंत चालवला. उपास काढले, जंगलातला लाकूडफाटा विकून दिवस ढकलले, पण नांगर धरला नाही. दुसरे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून रिलायन्सच्या कंपनीसाठी उरण, पेण, पनवेल येथील गावांच्या जमिनी जायच्या होत्या. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे पुढारी व खेडोपाडीचे शेतकरी, त्यांच्या बायकामुलांसह, रस्त्यावर आले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. देशातल्या सर्वांत श्रीमंत घराण्याच्या कंपनीला जमीन द्यावी की नाही, हे शेतकऱ्याला कागदावर विचारले गेले! भूसंपादनाची मुदत टळली आणि ते क्षेत्र झाले नाही. तिसरे वाढवणचे. ज्या पी अँड ओ कंपनीला येथे धक्का मिळाला, तिलाच त्या दिवसांत वाढवणलाही बंदर बांधायचे होते. तेथल्या मच्छीमारांनी व बागायतदारांनी विरोध केला आणि १९९८ साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने बंदराला नकार दिला. पुढे काळ फिरला. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने अटींवर परवानगी दिली व ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. या वेळी तेथे जाणारे आपलेच बंदर प्राधिकरण आहे. तेव्हा वाढवणचा कोळी न्हावा शेव्याकडे बोट दाखवून विचारील की, तुमचे काय झाले ते सांगा. त्याला खरे सांगणे हे आपले कर्तव्य होय.

आडवे पडणे एवढाच उपाय आहे असेही नाही. शेतकऱ्याला भागीदार होता येत नाही हे म्हणणे खोटे आहे. प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी स्वतः भाग घेऊन साखर कारखाना उभा केला आणि १९५० साली तो चालू केला. पुढे कित्येक सहकारी कारखाने पुढाऱ्यांनी खाल्ले हे खरे. पण चोरी झाली म्हणून कोठार बांधणे चूक ठरत नाही, कुलूप कमकुवत होते एवढेच ठरते. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याच्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग ठरवले. तेथे जमीन हेच भांडवल मानले गेले. मगरपट्ट्याची काळी जमीन भांडवल ठरते आणि उरणची खार जमीन ठरत नाही, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आता मुख्य मुद्दा. १९९७ साली पी अँड ओला दिलेल्या आणि पुढे डीपी वर्ल्डकडे गेलेल्या धक्क्याच्या कराराची ३० वर्षे २०२७ साली पुरी होतात. तो धक्का कोणीही चालवो, नवा कागद लिहिला जाईल. अशा कागदात चालवणाऱ्याने मिळकतीतला किती वाटा बंदर प्राधिकरणाला द्यायचा हे लिहिता येते. सिंगापूरच्या कंपनीने २०१४ साली शेकडा ३५.७९ कबूल केला होता, मर्स्कने शेकडा साडेपस्तीस. म्हणजे वाटा देणे कंपनीला अशक्य नाही, आणि हिशेब ठेवणेही अशक्य नाही. मग त्या वाट्यातला एक-दोन टक्के ज्यांच्या जमिनी व पाणी गेले त्या गावांच्या नावे, दान म्हणून नव्हे तर कराराचे कलम म्हणून, का लिहू नये? १९९७ साली आपण हे मागितले नाही, कारण आपल्याला ठाऊक नव्हते. २०२७ साली तसे म्हणता येणार नाही.

यासाठी चार गोष्टी कराव्यात. पहिली, प्रत्येक बाधित गावाने ग्रामसभा भरवून या मागणीचा लेखी ठराव करावा. तोंडी ओरड वाऱ्यावर जाते, ठरावाला जावक क्रमांक असतो. दुसरी, धक्क्यांचे करार, गावांसाठी खर्च झालेली रक्कम व कामावर घेतलेल्या स्थानिकांची संख्या माहितीच्या अधिकाराने मागावी. अर्जाला दहा रुपये लागतात व तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. हे काम गावातल्या पदवीधर मुलामुलींनी अंगावर घ्यावे. पदवी भिंतीवर टांगण्यासाठी नसते. तिसरी, उरलेला भूखंड एकट्याने विकू नये. भाऊबंदांनी एकत्र ठेवून भाड्याने द्यावा. चौथी, हनुमान कोळीवाड्याच्या पुनर्वसनाचा प्रश्न सुटल्याशिवाय कोणत्याही गावाने आपला प्रश्न सुटला असे मानू नये. आगऱ्याने आगऱ्यापुरते आणि कोळ्याने कोळ्यापुरते पाहिले की कंपनीचे काम सोपे होते. बायकांनाही या सभांना बसवावे. घरात पाणी, सरपण आणि मासळी कोठून येते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

कंपनीच्या सभेत भाग मोजतात, ग्रामसभेत माणसे मोजतात. माणसे आपल्यापाशी आहेत. ती एका होडीत बसली पाहिजेत, आणि वाटे पडण्याच्या वेळी जागी असली पाहिजेत. २०२७ फार दूर नाही. या आठवड्यातच आपल्या सरपंचाला ग्रामसभेची तारीख विचारा.